मॅनेजरांसोबत जॉइंट वर्किंग: तयारी कशी करावी?

प्रश्न: मी सहा महिन्यांपासून सांगली-मिरज भागात एमआर (औषध कंपनीचा वैद्यकीय प्रतिनिधी) म्हणून काम करतो. येत्या गुरुवारी एरिया मॅनेजर दिवसभर माझ्यासोबत डॉक्टरांच्या भेटींना (जॉइंट वर्किंगला) येणार आहेत. त्यापूर्वी नेमकी कोणती तयारी करावी?

उत्तर १: टूर प्रोग्रॅममधला (भेटींच्या ठरलेल्या वेळापत्रकातला) नेहमीचाच मार्ग ठेवावा. केवळ ओळखीच्या डॉक्टरांची यादी करू नये, कारण जिथे आपले काम अडले आहे, तिथेच मॅनेजरांच्या अनुभवाचा खरा उपयोग होतो. प्रत्येक डॉक्टरांशी मागील भेटीत काय बोलणे झाले, हे डायरीत एका ओळीत लिहून ठेवावे.

उत्तर २: आदल्या दिवशी केमिस्टकडील शिल्लक साठा स्वतः मोजा. एकदा डॉक्टरांनी मॅनेजरांसमोरच मला विचारले, "तुमची गोळी खालच्या दुकानात का मिळत नाही?" तो रिकामा खण मी आधी पाहिला असता, तर स्टॉकिस्टला (घाऊक वितरकाला) फोन करून माल वेळेत पोहोचवता आला असता. ती चूक मला आजही सलते.

उत्तर ३: सॅम्पलची नोंदही पूर्ण ठेवा, कारण २०२४ च्या यूसीपीएमपी या औषध विपणनाच्या आचारसंहितेनुसार एका डॉक्टरांना एका औषधाची वर्षाला १२ पेक्षा अधिक सॅम्पल पाकिटे देता येत नाहीत.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. बुधवारी सकाळीच केमिस्टकडे जातो.