शिक्षणावरील शासकीय खर्च आणि तरुणांचा सहभाग: आकडे जुळत नाहीत, मदत हवी आहे

तापीकाठ: एम.ए. अर्थशास्त्राच्या प्रबंधिकेसाठी हा विषय घेतला आहे. खर्चाचा आकडा मिळाला. परंतु तरुणांचा उच्च शिक्षणातील सहभाग एका अहवालात 28.4 टक्के, तर दुसऱ्यात निराळाच दिसतो. सोमवारी आराखडा द्यायचा आहे, म्हणून कोणता आकडा धरावा एवढेच कृपया सांगावे.

अमळनेरकर: ताई, वयोगट आणि जिल्हा आपण लिहिलाच नाही. 28.4 हे 2021-22 च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणातील, 18 ते 23 वयोगटाचे देशपातळीवरील प्रमाण असून त्यात आयटीआयची मुले धरलेली नसतात. खर्च कोणत्या लेखाशीर्षाचा, म्हणजे अर्थसंकल्पातील कोणत्या क्रमांकाच्या खात्याचा, घेतला?

तापीकाठ: 2202 चा. वयोगट तोच, जिल्हा नंदुरबार.

सातपुडा: अडचण तिथेच आहे. 2202 म्हणजे केवळ सामान्य शिक्षण. तंत्रशिक्षण 2203 मध्ये येते, आयटीआय 2230 मध्ये, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शिष्यवृत्त्या व वसतिगृहे 2225 मध्ये. ज्या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के लोक आदिवासी आहेत, तिथे 2225 वगळून काढलेला निष्कर्ष टिकणार नाही.

बोरीकाठ: महाराष्ट्रात 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतील कुटुंबांच्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर लगेच अर्ज करावा.

अमळनेरकर: ती सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे आणि ताईंनी शिष्यवृत्ती विचारलेली नाही. मूळ दुखणे हे की कोठारी शिक्षण आयोगाने सुचवलेला राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्क्यांचा खर्च अजून गाठलेला नाही.

सातपुडा: दादा, खर्च वाढावा हे मलाही मान्य आहे, परंतु नंदुरबार जिल्ह्यातल्याच धडगावच्या मुलीचे शिक्षण शुल्कापेक्षा शहाद्यात राहण्या-जेवण्याच्या सोयीवाचून अडते. म्हणून किती खर्च झाला याआधी तो कशावर झाला, हे पाहावे. ताई, आणखी एक सांगतो. उच्च शिक्षण सर्वेक्षणात विद्यार्थ्याची नोंद महाविद्यालय जिथे आहे तिथे होते, म्हणजे पुण्याला शिकणारा नंदुरबारचा मुलगा पुण्यात मोजला जातो.

तापीकाठ: मग आमच्या भागातून बाहेर गेलेली मुले मोजायची कशी?

सातपुडा: दोन गावे निवडा आणि 18 ते 23 वयाचे प्रत्येक मूल काय शिकते, कुठे शिकते, हे घरोघरी जाऊन विचारा. आयटीआय आणि सोडून दिलेले शिक्षण, दोन्ही वेगळे नोंदवा.

तापीकाठ: सर, आभारी आहे. चारही लेखाशीर्षे आणि ही पाहणी आराखड्यात लिहिते. 2225 मधील जिल्हानिहाय रक्कम कुणी पाहिली असल्यास कृपया कळवावे.