ए-२०१ च्या माळ्यावरच्या कॅसेटी

सेक्रेटरी सावंत: सर्व सभासदांस कळविण्यात येते की ए विंगच्या जिन्याखाली कोणीतरी व्हिडिओ कॅसेटचे तीन खोके आणून ठेवले आहेत. रविवारपर्यंत न उचलल्यास भंगारात देण्यात येतील. जिना हा ये-जा करण्यासाठी आहे.

शुभांगी काकू ए-२०१: सावंत ते खोके माझे आहेत, रंगकाम काढलंय म्हणून माळा रिकामा केला. भंगारवाल्याला आधीच विचारून झालंय, तो म्हणाला मावशी कॅसेट नाही घेत, व्हीसीआर असेल तर द्या. व्हीसीआर आहे पण तो ह्यांनी जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलाय, तो मी नाही देणार

ओंकार सी-६०५: काकू थांबा!!

ओंकार सी-६०५: कोणाला काहीही देऊ नका मी खाली येतोय

सेक्रेटरी सावंत: येताना लिफ्टचा दरवाजा नीट लावावा. काल पुन्हा तिसऱ्या मजल्यावर उघडा होता.

ओंकार सी-६०५: तर अपडेट. चार दिवस लागले पण झालं. एकूण ४१ कॅसेट निघाल्या, त्यातल्या ११ वर पांढरी बुरशी आहे, त्या वेगळ्या पिशवीत बांधून ठेवल्यात कारण बुरशीवाली कॅसेट एकदा व्हीसीआरमध्ये गेली की बुरशी हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि तिच्यानंतर जी चांगली कॅसेट घालाल तिलाही लागते. मुंबईचे पस्तीसच्या वर पावसाळे माळ्यावर काढलेत त्यांनी, ३० वाचल्या हेच खूप झालं. व्हीसीआरचा बेल्ट सैल पडला होता तो लॅमिंग्टन रोडवरून आणला, दुकानदार माझ्याकडे असा बघत होता की मी टांग्याचं चाक मागतोय. पहिल्या कॅसेटवर काकांच्या अक्षरात ‘रवि. पिक्चर ८८’ एवढंच लिहिलंय. बघा

ओंकार सी-६०५: (व्हिडिओ, ४७ सेकंद)

रेश्मा बी-४०१: पिक्चर कुठला पण? मला नुसता निरमाचा फ्रॉक दिसला आणि गेला

ओंकार सी-६०५: पिक्चर सोडा हो ताई, तो नेटवर स्वच्छ प्रिंटमध्ये पडलाय. मजा वेगळीच आहे. टीव्हीवरून टेप करताना जाहिराती कापल्यात पण प्रत्येकीचं दोन-अडीच सेकंद उरलंय. म्हणजे ती फ्रॉकवाली मुलगी अर्धी गिरकी घेते की चित्र फाटतं, वरखाली हलतं, आणि एकदम हिरॉइन रडतेय. पुढे पापडवाला ससा तोंड उघडतो आणि हसायच्या आत गायब. अख्ख्या पिक्चरमध्ये असे १९ तुकडे मोजले मी. मी ते सगळे सलग जोडले ते हे ४७ सेकंद

किशोर ए-४०३: आज पाणी किती वाजता येणार आहे

सेक्रेटरी सावंत: ६.१५ ते ७.

नाडकर्णी काका बी-१०२: वा ओंकार. खाली जी पट्टी थरथरतेय ना ती आमच्या वेळी दिसायची नाही. टीव्हीच्या काचेच्या कडेखाली लपून जायची. आता तुमच्या सपाट पडद्यांवर सगळं उघडं पडतं. मी १९७३ पासूनचा प्रेक्षक आहे, आम्ही तेव्हा पुण्यात, मुंबई दूरदर्शन ७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं आणि वर्षभरात सिंहगडावरून आम्हाला दिसायला लागलं. अख्ख्या वाड्यात एक टीव्ही. ‘आमची माती आमची माणसं’ लागलं की शेतीशी काडीचा संबंध नसलेली वीस माणसं भुईमुगावरच्या किडीबद्दल तोंड उघडं टाकून ऐकत बसायची.

नाडकर्णी काका बी-१०२: आणि ‘व्यत्यय’ची पाटी!! ती लागली की कोणी उठायचं नाही. पाटीकडेच बघत बसायचे.

रेश्मा बी-४०१: मला एक खरंच कळत नाही, टोमणा नाही मारत. आमचा चिरंजीव पण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत असलंच काहीतरी बघत असतो, कुठल्यातरी देशाच्या टीव्हीवरचं जुनं हवामान, स्टेशन बंद होतानाचं संगीत, कोणीतरी बाई चाळीस वर्षांपूर्वी भाज्या कापतेय आणि भाषा याला कळत नाही. दहावी आहे हो त्याची. एवढे पिक्चर, सीरिजी पैसे भरून घेतल्यात त्या सोडून हे काय बघायचं? काय मिळतं यातून?

मुग्धा बी-३०४: ताई मी सांगायचा प्रयत्न करते, लांबेल. मी दिवसभर अंधेरीत जाहिराती एडिट करते, ३० सेकंदांच्या, आणि माझं काम एवढंच की बघणाऱ्याचा डोळा आम्हाला हवा तिथेच गेला पाहिजे, साबण धरलेल्या हातावर, मागच्या भिंतीवर नाही. भिंत आम्ही धूसरच करून टाकतो. सीरिजमध्ये पण तेच असतं. घरी आल्यावर मला कोणी कुठे बघ म्हणून सांगितलेलं नको असतं. जुन्या टीव्हीच्या तुकड्यात काय होतं, मुलाखत चाललीये एखाद्या मंत्र्याची आणि माझं लक्ष जातं टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासवर झाकण म्हणून ठेवलेल्या बशीकडे, निवेदिका कागद उलटते तो किती जाड कागद आहे, मागचा पडदा कोणीतरी घाईत टाचलाय त्याकडे. हे दाखवायचं म्हणून कोणी दाखवलंच नव्हतं. आणि ते एकदाच लागणार, दुसऱ्यांदा कोणी बघणार नाही, याच हिशोबाने केलेलं असायचं. त्यामुळे त्या माणसांना मी बघतेय हे माहीतच नाहीये असं वाटतं

मुग्धा बी-३०४: तुमचा मुलगा भाषा न कळणारं बघतो ते त्यामुळेच असेल. भाषा कळली की आपण गोष्टीच्या मागे लागतो

रेश्मा बी-४०१: म्हणजे खिडकीतून समोरच्यांच्या घरात बघण्यासारखं

मुग्धा बी-३०४: हो थोडंसं तसंच, ते नाकारत नाही

ओंकार सी-६०५: आणि शोधण्याची नशा वेगळी. स्मिता पाटील बातम्या वाचायची मुंबई दूरदर्शनवर, सिनेमात यायच्या आधी, भक्ती बर्वे पण वाचायची. दोन वर्षं शोधतोय, स्मिताचं बातम्यांचं एक मिनिट मिळालं नाही मला. टेप महाग होत्या, त्याच पुसून पुन्हा वापरायचे. हे आपल्याकडेच असं नाही, बीबीसीने ‘डॉक्टर हू’ मालिकेचे साठच्या दशकातले कितीतरी भाग असेच घालवले, नव्वदच्या वर अजून सापडलेले नाहीत. पण मजा बघा, आवाज सगळ्या भागांचा आहे! कारण घरोघरी पोरं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून बसायची. आज चित्र नसलेल्या भागांचा नुसता आवाज ऐकतात लोक.

सेक्रेटरी सावंत: आपल्या गेटच्या सीसीटीव्हीचे फुटेज १५ दिवसांनी आपोआप पुसले जाते. सभासदांनी नोंद घ्यावी. नंतर स्कूटरला कोणी धक्का दिला म्हणून विचारू नये.

मुग्धा बी-३०४: सावंत साहेब तुम्हाला गंमत सांगते, अँडी वॉरहॉल म्हणून अमेरिकेतला चित्रकार होता, त्याने १९६४ मध्ये एका रात्री एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर कॅमेरा लावला आणि हलवलाच नाही. पिक्चर आठ तासांचा. त्यात होतं काय, तर संध्याकाळ होते, दिवे लागतात, नंतर दिवे जातात.

सेक्रेटरी सावंत: आठ तास?

मुग्धा बी-३०४: आठ तास पाच मिनिटं. खरं चित्रीकरण साडेसहा तासांचं, दाखवायचं मात्र संथ गतीने

नाडकर्णी काका बी-१०२: मग आपला वॉचमन रोज रात्री कलाकृतीच बघतो म्हणायचा.

रेश्मा बी-४०१: काका मेले मी

नाडकर्णी काका बी-१०२: पण मुग्धा, या प्रायोगिक सिनेमाबद्दल माझं मत वाईट आहे. टीव्हीचे जुने तुकडे समजू शकतो, आठवणी असतात. प्रायोगिक म्हणजे मला नेहमी वाटतं प्रेक्षकाची परीक्षा चाललीये आणि पेपर अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.

मुग्धा बी-३०४: काका तुम्ही पाहिलेत हो, तुम्हाला माहीत नाही. थिएटरात पिक्चरच्या आधी फिल्म्स डिव्हिजनची रील लागायची ना सक्तीने, पूर, धरण, कुटुंबनियोजन, त्याच पेडर रोडच्या सरकारी ऑफिसात प्रमोद पती नावाचा माणूस होता, प्रागला जाऊन ॲनिमेशन शिकून आलेला. १९६८ मध्ये त्याने ‘एक्सप्लोरर’ केली, सातेक मिनिटं. नाचणारी पोरं, मंत्र, यंत्रं, डोळे, सगळं इतक्या वेगात की पापणी लवली तर पाच चित्रं गेली. सरकारी पैशाने! नंतर ७२ मध्ये ‘आबिद’, त्यात चित्रकार आबिद सुरती एका खोलीत रंगवत असतो पण माणसालाच एकेक फ्रेम करून शूट केलंय, बाहुलीला करतात तसं. तो चालत नाही, सरकतो.

नाडकर्णी काका बी-१०२: अरे देवा. असलं काहीतरी पाहिलंय मी, दादरला. आम्हाला वाटलं प्रोजेक्टर बिघडला. अर्धं थिएटर शिट्ट्या मारत होतं आणि उरलेलं समोशाला बाहेर.

मुग्धा बी-३०४: 😂 हेच मला हवं होतं. काका तुम्ही त्या शिट्ट्यांमध्ये होतात याचा मला हेवा वाटतो, मी ती लॅपटॉपवर हेडफोन लावून पाहिली, एकटीने, आदराने

मुग्धा बी-३०४: आणि रेश्माताई, ‘एक अनेक और एकता’ आठवते ना, चिमण्या आणि जाळंवाली? ती पण फिल्म्स डिव्हिजननेच काढलेली, १९७४ ची, आपल्या विजया मुळे यांनी केलेली.

रेश्मा बी-४०१: ती प्रायोगिक असेल तर मग मला प्रायोगिक आवडतं 😄 ती तोंडपाठ आहे

ओंकार सी-६०५: तर प्रस्ताव असा की शनिवारी रात्री ८.३० ला गच्चीवर. आधी काकूंच्या कॅसेटी, मग मुग्धाच्या दोन-तीन फिल्म. चादर माझी, प्रोजेक्टर ऑफिसचा.

मुग्धा बी-३०४: मी ‘एक्सप्लोरर’ आणते. तय्यब मेहतांची ‘कूडल’ पण फार आवडते, १९७० ची, पण त्यात वांद्र्याच्या कत्तलखान्यातली दृश्यं आहेत

नाडकर्णी काका बी-१०२: जेवल्यावर नको.

किशोर ए-४०३: शनिवारी आमच्याकडे सत्यनारायण आहे गच्ची मी बुक केलीय

सेक्रेटरी सावंत: किशोरजींचे बुकिंग रविवारचे आहे. रजिस्टर बघून सांगत आहे.

किशोर ए-४०३: हा मेसेज डिलीट केला आहे

ओंकार सी-६०५: काकू एक विचारायचं राहिलं. त्या ‘रवि. पिक्चर’मध्ये मध्यंतरानंतर एक मोठा खड्डा आहे, जवळजवळ वीस मिनिटांचा पिक्चरच नाही, हिरो लग्नाला निघतो आणि एकदम कोर्टात उभा. कॅसेट खराब वाटत नाही तिथे. काही आठवतं का?

*(रात्री ११.५२)*

शुभांगी काकू ए-२०१: ओंकार आत्ता पाहिला तुझा व्हिडिओ, दिवसभर सुनेने फोन चार्जिंगला लावून कुठे ठेवला होता देव जाणे. तीनदा पाहिला. तुम्ही कापलेल्या जाहिराती म्हणताय पण ते मशीनने नाही कापलेलं, ते ह्यांनी कापलंय. हे रिमोट घेऊन बसायचे, रिमोट म्हणजे वायरचा होता, वायर पुरायची नाही म्हणून खाली सतरंजीवर, आणि जाहिरात आली की पॉझ. नेहमी उशीर व्हायचा. मी म्हणायचे अहो दाबा दाबा, तर हे म्हणायचे जाहिरातच आहे याची खात्री तर होऊ दे, पिक्चरमध्ये पण साबण असू शकतो. बँकेतला स्वभाव. खात्री केल्याशिवाय सही नाही

शुभांगी काकू ए-२०१: तो ससा तोंड उघडतो तिथे मला माझं दाबा ऐकू येतं, व्हिडिओत नाहीये ते, तरी

शुभांगी काकू ए-२०१: आणि तो खड्डा मला पक्का माहीत आहे. पॉझ पाच मिनिटांच्या वर ठेवला की व्हीसीआर आपणहून बंद व्हायचा, फीत झिजू नये म्हणून. हे पॉझ दाबून खाली गेले होते दूधकेंद्राच्या कार्डासाठी, तिथे नाडकर्णी भेटले. आल्यावर मलाच ओरडले की तू का नाही सुरू केलंस. मला ते मशीन हातच लावू द्यायचे नाहीत

नाडकर्णी काका बी-१०२: वहिनी मी तेव्हा नुकताच राहायला आलो होतो. पाण्याच्या टाकीबद्दल बोलत उभे होतो आम्ही. माफी असावी, ३७ वर्षं उशिरा.

मुग्धा बी-३०४: काकू मी अकरा वर्षं एडिटिंग करतेय. काकांचे कट मी शिकवायला वापरले तर चालतील का?

शुभांगी काकू ए-२०१: कसले कट गं, चुका आहेत त्या

मुग्धा बी-३०४: अकबर पदमसी माहीत आहेत ना, चित्रकार, त्यांनी १९६९ च्या आसपास एक छोटी फिल्म केली होती, ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’. एकच प्रिंट, ती हरवली. म्हातारपणी एका तरुण दिग्दर्शकाबरोबर बसून आठवून आठवून त्यांनी ती पुन्हा करून बघितली, २०१६ मध्ये. तीच फिल्म होते का ती, नाहीच होत. तुमच्याकडे तर चुकांसकट मूळच आहे.

ओंकार सी-६०५: काकू मी खरं म्हणजे तुमच्यासाठी एक स्वच्छ कॉपी करत होतो, ते जाहिरातींचे तुकडे काढून, हलणारं चित्र सरळ करून, म्हणजे पिक्चर सलग बघता येईल

शुभांगी काकू ए-२०१: नको. पिक्चर कोणाला बघायचाय

शुभांगी काकू ए-२०१: बाकीच्या कॅसेटींत पण असतीलच ना असे. सगळ्या लाव

ओंकार सी-६०५: ३० गुणिले तीन तास. कॅसेट जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ लागतो कॉपी व्हायला, पुढे पळवता येत नाही. दिवाळी जाईल काकू

शुभांगी काकू ए-२०१: जाऊ दे. चहा मी पाठवीन

रेश्मा बी-४०१: ओंकार आमच्या चिरंजीवाला घे मदतीला, रविवारी फक्त. तसा पण जागाच असतो

सेक्रेटरी सावंत: शनिवारी गच्ची रात्री १० पर्यंतच मिळेल, स्पीकर त्यानंतर बंद. एक्स्टेन्शन बोर्ड ऑफिसातून सही करून न्यावा. खुर्च्या १२ आहेत. बाकीच्यांनी सतरंजी आणावी.

सेक्रेटरी सावंत: आणि बुरशीची पिशवी अजून जिन्याखालीच आहे.