मामाची जुनी रेसिंग सायकल: कोणती असेल, आणि तिचं काय करू?

रानवारा
मामा गेल्यावर त्याची रेसिंग सायकल माझ्याकडे आली. नावाची सगळी अक्षरं उडालीत, पुढचा बिल्लाही नाही, नुसती त्याची दोन भोकं दिसतात. निळी फ्रेम, नळ्यांच्या जोडांवर टोकदार लग (जोड पक्का करणारी धातूची खोळ), खाली वळलेलं हँडल, गिअरच्या दांड्या खालच्या नळीवर. मागच्या डिरेलरवर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) ‘शिमानो ६००’ आणि वेलबुट्टीसारखी बारीक नक्षी आहे. क्रँकच्या (पॅडल जोडलेला दांडा) आतल्या बाजूला इंग्रजी जी आणि एच ही दोन अक्षरं ठोकलीत. सीटची दांडी घट्ट अडकलीये, टायर तडकलेत. एकजण म्हणतो भंगारात घाल. मला ती चालवायची आहे, मामा ती फार जपायचा. कंपनी कशी ओळखायची? आणि हिच्यावर पैसे घालण्यात अर्थ आहे का?

पायपीट
उलटी करून पॅडलच्या मधल्या नळकांड्याखाली नंबर बघा. रंग पूर्ण काढून पावडर कोटिंग करा, गिअर काढून सिंगल स्पीड करा. सुटसुटीत होईल.

जुनी_चेन
रानवारा, रंगाला कृपया हात लावू नका. उरलेल्या अक्षरांच्या पुसट कडा हाच कदाचित कंपनीचा शेवटचा पुरावा असेल. अंधारात टॉर्च नळीला समांतर धरा, कडा उठून दिसतात.

आता अक्षरांचं. शिमानोच्या त्या काळच्या सुट्या भागांवर पहिलं अक्षर वर्षाचं आणि दुसरं महिन्याचं असतं. ए म्हणजे १९७६, तिथून मोजत जी म्हणजे १९८२. एच म्हणजे ऑगस्ट. नक्षीवाली ६०० मालिका त्याच काळातली, तेव्हा दोन्ही जुळतंय. पण ही तारीख क्रँकची. क्रँक बदलता येतो, फ्रेम काय सांगते ते महत्त्वाचं. म्हणून मापं घ्या: मागच्या चाकाच्या दोन्ही पकडींमधलं (फ्रेमची टोकं, जिथे चाक अडकतं) अंतर, पॅडलच्या नळकांड्याची रुंदी आणि टायरवरचा छोटा आकडा.

सीटची दांडी ॲल्युमिनियमची आणि फ्रेम लोखंडी असणार (चुंबक लावून खात्री करा). दोन धातूंमध्ये ओल शिरली की ॲल्युमिनियमवर पांढरा क्षार धरतो आणि दांडी आवळली जाते. गंज सोडवणारं तेल वरून सोडा, सायकल उलटी करून खालूनही सोडा, काही दिवस मुरू द्या. मग ओढू नका, पिळा. हातोडा तर नकोच. निघाली की तिच्यावर कोरलेलं माप कळवा.

आणि सगळ्यात आधी हे करा: हँडलच्या नळीच्या लगेच मागे, वरच्या आणि खालच्या नळीच्या पोटाखालून बोट फिरवा. फुगवटा किंवा रंगाला सुरकुती लागली तर समोरून धडक बसलेली आहे, पुढचं बोलणंच वेगळं. मग मागच्या एका पकडीपासून दोरा हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या पकडीपर्यंत ताणा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंना अंतर सारखं भरलं पाहिजे.

रानवारा
दांडी निघाली! तिच्यावर २७.२ कोरलंय. मागचं अंतर १२६ मिमी, नळकांडं ६८. टायरवर २८-६२२. बोटाला काही लागलं नाही, दोराही दोन्हीकडे सारखाच.

जुनी_चेन
मग ही भंगार नाही, चांगली फ्रेम आहे. २७.२ ची दांडी बसते म्हणजे नळी पातळ भिंतीची, स्वस्त जाड नळ्यांना बारीक दांडी लागते. १२६ हे सहा-सात गिअरच्या काळातलं माप, तेही १९८२ शी जुळतं. जुनी इटालियन असती तर नळकांडं बहुधा ७० भरलं असतं. ६८ इंग्रजी मापाचं दिसतं, पण जपानी कारखानेही तेच वापरत, त्यामुळे एवढ्यावर कंपनी ठरत नाही. नंबर आणि लगचे जवळून फोटो टाका. पण नाव कळेपर्यंत काम थांबवू नका.

नवे टायर-ट्यूब, ब्रेकच्या तारा आणि रबरं, चेन एवढं घ्या. ६२२ म्हणजे ७०० सी, टायर सहज मिळतात. ६३० असतं तर शोधावं लागलं असतं. गिअरच्या दांड्या टप्प्याच्या (प्रत्येक गिअरला खट्‌कन थांबणाऱ्या) नसून सरकत्या असतील, तर सहा ते आठ गिअरची साधी चेन चालते. चाकांचे आणि पॅडलच्या नळकांड्याचे छर्रे उघडून जुनं वंगण काढा. ते एव्हाना मेणासारखं घट्ट झालेलं असतं, त्यावर वरून तेल सोडून उपयोग नाही. नळकांडं इंग्रजीच असेल, तर उजवीकडचा कप (छर्रे धरणारी वाटी) उलट्या आट्यांचा, सोडवताना घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. चुकीच्या बाजूला जोर लावला तर आटे जातात. सीटची दांडी परत घालताना ग्रीस लावा.

सिंगल स्पीडबद्दल, पायपीट: नक्षीवाला तो डिरेलर काढून ठेवण्यात मला काहीच शहाणपण दिसत नाही. तो चालू असेल तर साफ केला की गिअर चोख पडतील.

पायपीट
पटलं. १२६ मध्ये आजचं १३० चं चाक बसवता येईल का?

जुनी_चेन
लोखंडी फ्रेम आहे, जाणकाराकडून बेताने फाकवून घेता येते. ॲल्युमिनियमची असती तर नाही. पण रानवारा, तुमची आत्ताची चाकं सरळ फिरत असतील आणि आरे सगळे ताठ असतील तर याची गरजच नाही.