सोनं-चांदीचं द्रावण तयार आहे, पाडायला कोणतं रसायन घ्यावं? (लातूर)

सराफगल्ली_लातूर
नमस्कार मंडळी. गलाई-शुद्धीकरणाच्या लहान युनिटसाठी सल्ला हवाय. दोन द्रावणं आहेत.

पहिलं आम्लराजातलं (हायड्रोक्लोरिक अन् नायट्रिकचं मिश्रण). जुन्या दागिन्यांची मोड, त्यात थोडं व्हाइट गोल्ड. टंचाच्या (शुद्धतेच्या) हिशेबानं ६० ग्रॅम सोनं असायला पाहिजे, पॅलेडियमचीही शंका आहे. साधारण ४५० मिली, रंग हिरवट पिवळा.

दुसरं नायट्रिकमधलं, चांदीचं. चांदी ४०० ग्रॅमच्या आसपास, बाकी तांबं. अडीच लिटर, निळंशार.

दुकानदार पाच नावं सांगतोय: सोडियम मेटाबायसल्फाइट, हिराकस (फेरस सल्फेट), ऑक्झॅलिक ॲसिड, जस्ताची भुकटी, हायड्रॅझिन. पण कोणतं कामून घ्यावं हे कुणी सांगंना. सोन्याच्या द्रावणाच्या चमचाभर नमुन्यात चिमूटभर मेटाबायसल्फाइट टाकलं तर तपकिरी ढग येतो अन् हलवलं की गायब होतो. माल जुना निघाला का?

टंच_९१६
माल बरोबर असेल, द्रावण कच्चं आहे. ढग येऊन विरतो म्हणजे आत नायट्रिक शिल्लक आहे. पडलेलं सोनं ते परत विरघळवतं. आत्ता पाचपैकी काहीही ओतलं तरी निस्तं रसायन वाया जाईल. आधी नायट्रिक काढा.

त्याला दोन रस्ते आहेत. जुना म्हणजे आटवणं: मंद आचेवर काकवीसारखं दाट होईपर्यंत आटवायचं, कोरडं पडू द्यायचं नाही, मग १०-१५ मिली एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड) घालून पुन्हा आटवायचं. असं तीनदा. एचसीएल टाकल्यावर तांबूस धूर येणं थांबलं की झालं. काम पक्कं होतं, पण धूर फार आणि उकळी उडाली तर सोनं उडालं.

दुसरा रस्ता सल्फॅमिक ॲसिडचा. द्रावण ६०-७० अंशांवर ठेवा आणि एकेक ग्रॅम टाकत जा. प्रत्येक वेळी फसफस होईल. नवीन ग्रॅम टाकल्यावर फसफस झाली नाही की थांबा. शिल्लक राहिलेल्या १ मिली ७० टक्क्यांच्या नायट्रिकला साधारण दीड ग्रॅम लागतं. थंड द्रावणात टाकलं तर काहीच होत नाही, आणि मग गरम केल्यावर सगळं एकदम उसळतं, म्हणून आधी गरम करा. यातून थोडं सल्फ्युरिक तयार होतं, ते शिशाला पांढऱ्या सल्फेटच्या रूपात खाली बसवतं. हा फायदाच आहे.

आपल्याकडे बोअरच्या पाण्याचा क्षार काढायला गीझर-बॉयलरवाले हेच वापरतात, त्यामुळे सल्फॅमिक मिळायला अडचण नाही. फक्त रंग-वास घातलेला साफसफाईचा पुडा घेऊ नका, साधी पांढरी भुकटी मागा.

सराफगल्ली_लातूर
आमच्याकडं सगळे युरिया टाकायलेत. शेतीचा युरिया चालंल का?

टंच_९१६
नको. युरिया द्रावणातल्या नायट्रस ॲसिडशी भिडतो, मूळ नायट्रिक तसंच राहतं. फसफस थांबली की माणसाला वाटतं काम झालं, आणि दुसऱ्या दिवशी ढग परत विरतो. जास्त युरिया टाकून तापवत बसणं धोक्याचंही आहे.

पुढच्या खेपेला नायट्रिक मुळातच कमी वापरा. धातूवर आधी सगळं एचसीएल घाला, गरम करा, आणि नायट्रिक २-३ मिलीनं द्या. आधीचा धूर निवला की मगच पुढचं. शेवटी तळाला सोन्याचा एखादा लहान तुकडा शिल्लक राहिला तर उत्तम, उरलेलं नायट्रिक तोच खातो.

मूस_चिमटा
नायट्रिक गेल्यावरही लगेच पाडायला घेऊ नका. द्रावण तिप्पट-चौपट पाण्यात पातळ करा, बर्फाच्या टोपलीत रात्रभर ठेवा. दाट एचसीएलमध्ये चांदीचं क्लोराइड थोडं विरघळलेलं राहतं, पातळ आणि थंड केल्यावर पांढरा साका होऊन बसतं. तो गाळून काढा आणि चांदीच्या मालात टाका. हे टाळलं की चांदी सोन्यात येते आणि टंच ९९ च्या पुढं सरकत नाही.

आता निवड. ६० ग्रॅम सोन्याचा हिशेब देतो.

मेटाबायसल्फाइट: १ ग्रॅम सोन्याला कागदावर पाऊण ग्रॅमही लागत नाही. प्रत्यक्षात सोन्याच्या वजनाच्या दीडपट धरा, म्हणजे ९० ग्रॅम. पाव लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून थंड द्रावणात बारीक धारेनं सोडा. गरम द्रावणात सल्फर डायऑक्साइड उडून जातो, नाक जळतं आणि सोनं अर्धं राहतं. माल ताजा हवा. डबा उघडल्यावर नाकाला झोंबला नाही तर त्याचं सल्फेट झालेलं आहे, तो परत करा. तांबं भरपूर असेल आणि हे जास्त पडलं तर सोन्यावर पांढरट थर बसतो. तो तांब्याचा क्युप्रस क्लोराइड. घाबरायचं कारण नाही, गरम एचसीएलनं धुतला की निघतो. पण ओतताना हात आवरला तर तो येतच नाही.

हिराकस: याचं वजन जास्त लागतं, कारण स्फटिकात पाणी असतं. १ ग्रॅम सोन्याला सव्वाचार ग्रॅम, तुम्ही ३०० ग्रॅम घ्या. सव्वा लिटर कोमट पाण्यात १०-१५ मिली एचसीएल घालून विरघळवा आणि गाळून वापरा. स्फटिक हिरवेगार हवेत. पिवळट-तांबूस पावडर चढलेला हिराकस म्हणजे फेरिक झालेला, तो सोनं पाडत नाही. याचा मोठा गुण असा की प्लॅटिनम-पॅलेडियमला तो हात लावत नाही. दोष असा की सोनं फार बारीक पडतं, बसायला वेळ घेतं, आणि मागं लोखंडानं भरलेलं पाणी उरतं. नायट्रिक राहिलेलं असेल तर हिराकस आधी तेच खातो, आणि ३०० ग्रॅमचा हिशेब कोलमडतो.

ऑक्झॅलिक: १ ग्रॅमला १ ग्रॅम जेमतेम पुरतं, ८० घ्या. द्रावण ८० अंशांच्या वर पाहिजे आणि आंबटपणा कॉस्टिक सोड्यानं थोडा मारावा लागतो, नाहीतर तासन्‌तास हलत नाही. कार्बन डायऑक्साइडचा फेस भरभरून येतो, म्हणून भांडं तिप्पट मोठं. सोनं स्पंजासारखं, चकचकीत, जड पडतं, धुवायला सोपं. पण तांबं-शिसं असलेल्या कच्च्या द्रावणात त्यांचीही ऑक्झॅलेटं खाली येतात. म्हणून हे दुसऱ्या फेरीचं रसायन.

माझं मत: तुमच्या मालाला पहिल्या फेरीला हिराकस, कारण पॅलेडियमची शंका आहे. तेच सोनं पुन्हा आम्लराजात घेऊन दुसऱ्या फेरीला ऑक्झॅलिक.

गोदाकाठ
हिराकसाशी मी सहमत नाही, चिमटा साहेब. पॅलेडियम असलंच तर एकदोन ग्रॅम. त्यासाठी सव्वा लिटर लोखंडाचं पाणी कशाला वाढवायचं? मेटाबायसल्फाइट मोजून टाकलं तर आधी सोनंच पडतं. जास्तीचं झालं तर थोडं पॅलेडियम ओढलं जातं हे खरं, पण दुसऱ्या फेरीत ते सुटतं. ज्याला दोन फेऱ्या करायच्याच आहेत त्यानं पहिलीला स्वस्त आणि कमी गाळाचं रसायन घ्यावं.

मूस_चिमटा
दोन फेऱ्या नक्की होणार असतील तर मान्य. एकाच फेरीत विकायचं असेल तर हिराकसच.

गोदाकाठ
चालेल. आता चांदीकडं या, त्याचा रस्ता वेगळा आहे.

४०० ग्रॅम चांदीला तांब्याची पट्टी हाच सोपा उपाय. चांदी बसते, तेवढ्याच हिशेबात तांबं द्रावणात उतरतं: १ ग्रॅम चांदीला ०.३ ग्रॅम तांबं, म्हणजे १२० ग्रॅम खर्ची पडेल. पट्टी २०० ग्रॅमची लटकवा. बिजलीच्या बसबारचं तांबं उत्तम. पितळ नको, डाग दिलेली (सोल्डर केलेली) नळी नको. अर्थिंगचा रॉड तर मुळीच नको, तो बहुतेक वेळा आतून लोखंडाचा असतो. मोकळं नायट्रिक जास्त असेल तर तांब्यावरून तांबूस धूर येईल. तेवढं तांबं फुकट जळतंय असं समजा. मध्ये मध्ये पट्टी झटका. संपलं का ते बघायला निवळ पाण्याच्या थेंबात मिठाचं पाणी टाका. ढग आला नाही तर चांदी संपली. मग गरम डिस्टिल्ड पाण्यानं निळा रंग जाईपर्यंत धुवा. टंच साधारण ९८-९९ येतो, तांब्याचा लेश राहतोच. पॅलेडियम असेल तर तेही यात येतं.

जास्त शुद्ध पाहिजे तर मिठानं पाडा. ४०० ग्रॅमला २१७ ग्रॅम मीठ लागतं, २४० घ्या, लिटरभर पाण्यात गाळून. खडे मीठ घ्या, डब्यातल्या टेबल सॉल्टमध्ये ते मोकळं राहावं म्हणून काहीबाही घातलेलं असतं. मुठीमुठीनं जास्तीचं मीठ मात्र टाकू नका, दाट क्लोराइडमध्ये चांदी पुन्हा थोडी विरघळते. ५३० ग्रॅमच्या आसपास पांढरा दह्यासारखा साका मिळेल. त्यात शिसं असेल तर उकळत्या पाण्याच्या तीनचार धुण्यांत निघतं. साका सावलीत ठेवा, उजेडात जांभळा पडतो.

पांढरा साका सरळ मुशीत टाकायचा नाही. ४५५ अंशांनाच तो पाण्यासारखा होतो, मुशीत मुरतो आणि धुरावाटे निघून जातो. आधी त्याची चांदी करा. ओल्या साक्यावर ३०० ग्रॅम कॉस्टिक लिटरभर पाण्यात विरघळवून घाला आणि ढवळत राहा, सगळा काळा होईपर्यंत. एखादी गुठळी फोडून बघा. आत पांढरं दिसलं तर अजून ढवळा. सगळ्यांचं इथंच चुकतं. मग डेक्स्ट्रोज चमच्याचमच्यानं. चांदीच्या वजनाएवढं जवळ ठेवा, बहुधा सगळं लागत नाही. भांडं तापतं, फेस वर येतो, काळ्याचं करडं होतं. डेक्स्ट्रोज म्हणजे मेडिकलमधलं साधं ग्लुकोज, चवीचं नाही. साखर हळू चालते. गूळ तर कारखान्याच्या दारात राहत असलात तरी नको, त्यातला चुना-माती चांदीत बसते.

टंच_९१६
दोन गोष्टी जोडतो.

एक, पाणी. इथल्या काळ्या पाषाणातल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, क्लोराइडही. चांदीच्या द्रावणात ते ओतलं की लगेच दुधाळ होतं, म्हणजे मोजलेलं मीठ टाकण्याआधीच थोडी चांदी क्लोराइड झाली. तांब्याच्या पट्टीच्या कामात तर हा पांढरा गाळ चांदीत मिसळून टंच पाडतो. घरचा आरओ पुरत नाही. बॅटरीचं पाणी (बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी, ॲसिड नव्हे) घ्या आणि थेंबभर सिल्व्हर नायट्रेट टाकून तपासा. ढग नको.

दोन, अमोनिया. चांदीचा साका धुवायला किंवा तांबं ओळखायला बरेच जण अमोनिया वापरतात. अमोनियात चांदी असलेलं द्रावण ठेवून दिलं की काळा स्फोटक गाळ तयार होतो, नुसत्या हलवण्यानं उडतो. सोन्याच्या क्लोराइडचंही तसंच. युनिटमध्ये बाटलीच ठेवू नका.

सराफगल्ली_लातूर
जस्त अन् हायड्रॅझिनबद्दल कुणी बोललं नाही. आणि सोनं पूर्ण पडलं हे कशावरून समजायचं? ढग तर दिसंना झाला तरी खात्री नाही.

मूस_चिमटा
हायड्रॅझिन विषारी आहे, कॅन्सरचा संशय आहे, आणि समोर येईल ते सगळं पाडतं. उघड्यावरच्या कामाला नकोच. जस्तही निवड करत नाही: तांबं, शिसं सगळं खाली आणतं, वर आम्लात हायड्रोजन सोडतं. जवळ भट्टी पेटलेली असेल तर काय होईल याचा विचार करा.

खात्रीसाठी स्टॅनस क्लोराइड. १ ग्रॅम घेऊन ३ मिली एचसीएलमध्ये विरघळवा, डिस्टिल्ड पाण्यानं ३० मिली करा, तळाशी कथलाचा लहान तुकडा टाकून काळ्या ड्रॉपर-बाटलीत ठेवा. गाळणकागदावर द्रावणाचा थेंब, त्यावर याचा थेंब. जांभळा-काळा म्हणजे सोनं शिल्लक. नायट्रिक असेल तर ते स्टॅनसलाच मारतं आणि सोनं असूनही रंग येत नाही. सल्फर डायऑक्साइड साठलेला असेल तरी गोंधळ होतो, थेंब आधी गरम करून घ्या. हिराकसानंतर फेरिकमुळे दोनतीन थेंब जास्त लागतात. स्टॅनस खराब झालं का ते बघायला ओळखीच्या सोन्याच्या द्रावणाचे ५ मिली कुपीत कायम ठेवा, दर वेळी आधी त्यावर तपासा.

सोनं असेपर्यंत जांभळा सगळं झाकतो. सोनं पडल्यावर त्याच कागदावर हिरवा-निळसर आला तर पॅलेडियम, चहासारखा तपकिरी-नारिंगी आला तर प्लॅटिनम.

गोदाकाठ
पॅलेडियम निघालंच तर डायमिथाइलग्लायॉक्झिम: १ ग्रॅमला सव्वादोन ग्रॅम, आम्ल द्रावणातच. पिवळाधमक, फुगलेला साका येतो. तेवढ्यासाठी ते विकत घेणं मात्र परवडत नाही. प्लॅटिनमला नवसागर लागतो, पण त्या पिवळ्या मिठाची धूळ श्वासात गेली तर दम्यासारखा त्रास जडतो, म्हणून ते कोरडं हाताळू नका. एकदोन ग्रॅम असेल तर सोनं काढून उरलेल्या पाण्यात तांब्याची पट्टी टाका. पॅलेडियम, प्लॅटिनम आणि चुकार सोनं काळ्या गाळात जमतं. लोखंड-निकेल-जस्त वरच राहतात. तो गाळ बाटलीत साठवत जा, वजन झालं की मोठ्या रिफायनरीला द्या.

तांब्याची पट्टी काढल्यावर त्याच पाण्यात लोखंडाचा भंगार टाका, लाल तांबं पडतं. दोन्ही द्रावणांच्या पाण्याला हेच लागू. पाणी निवळलं की चुन्याची निवळी घालून पीएच ९-१० करा, गाळ बसवा, तो वाळवून वेगळा ठेवा. तो घातक कचरा आहे; नालीत किंवा शेताच्या बांधावर नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीच्या कागदात त्याची नोंद लागते.

टंच_९१६
धुरासाठी वेगळी सोय करा: पंखा आणि कॉस्टिकच्या पाण्यातून जाणारी नळी. नायट्रिकचा तांबूस धूर छातीत गेला तर त्या वेळी नुसता खोकला येतो, फुप्फुसात पाणी मात्र काही तासांनी साठतं. म्हणून बरं वाटलं तरी दवाखान्यात दाखवायचं, आणि कशाचा धूर होता हे डॉक्टरांना सांगायचं.

सराफगल्ली_लातूर
मग यादी अशी धरतो: सल्फॅमिक अर्धा किलो, मेटाबायसल्फाइट पाव किलो, ऑक्झॅलिक १०० ग्रॅम, स्टॅनस २५ ग्रॅम, बसबार २०० ग्रॅम, बॅटरीचं पाणी २० लिटर. चांदी पट्टीवरच बसवतो. सोन्याची तपकिरी पूड सरळ मुशीत टाकली तर चालंल का?

मूस_चिमटा
आधी गरम एचसीएलनं, मग उकळत्या पाण्यानं, धुणं बिनरंगी होईपर्यंत. पूड पूर्ण वाळवा, ओली पूड तापल्या मुशीत फुटते. गाळणकागदासकट पुडी बांधून टाकणखाराचा थर दिलेल्या मुशीत ठेवा आणि गॅसची ज्योत सुरुवातीला लांबून, मऊ. जोरात फुंकली तर पूड ज्योतीबरोबर उडते आणि घट येते.