गाड्या, रोबो आणि आपलं इंग्रजी: तुमचे किस्से सांगा

काल रात्री मटार सोलत बसलो होतो. शेजारी मुलगी मोबाइलवर इंग्रजी भाषण ऐकत होती, गाड्यांचा धंदा आणि रोबो असा विषय. तिची बिझनेस इंग्लिशची परीक्षा आहे, त्यामुळे दर दोन मिनिटांनी थांबवून शब्द वहीत उतरवत होती. फोर्डने १९१३ मध्ये सरकती लाइन चालू केली आणि बारा तासांवर लागायचे ती गाडी दीडेक तासात जुळायला लागली वगैरे चाललं होतं. माझं आपलं मटार. तेवढ्यात तो माणूस म्हणाला 'रिडंडंट'. हातातली शेंग हातातच राहिली.

२००३ साल. नाशिकला अंबड एमआयडीसीत आमच्या व्हेंडर कंपनीत (नाव नको) वेल्डिंगचा पहिला रोबो यायचा होता. पुण्याहून एक साहेब आले, कॅन्टीनची टेबलं बाजूला सारून पडदा लावला, सगळं इंग्रजीत. आम्ही आयटीआयवाले. मी शिफ्टच्या डायरीत मागच्या पानापासून शब्द देवनागरीत लिहीत गेलो. आत्ता माळ्यावरून काढली ती. 'पेलोड - किती किलो उचलतो'. 'ग्रिपर - चिमटा'. 'डाउनटाइम - लाइन बंद, साहेब चालू'. आणि खाली 'रिडंडंट - ?'. काही हातकामं रिडंडंट होतील असं काहीतरी साहेब म्हणाले आणि मला त्यात दंड ऐकू आला. उठून विचारलं, सर, दंड कोणाला आणि किती? पोरं खो खो हसली. साहेब नाही हसले. पाणी प्यायले आणि पुढची स्लाइड लावली.

अर्धं नाशिक सातपूर-अंबडमधून गेलेलं आहे, तुमचंही असलं काही असणारच. लिहा.

सिन्नरकर
टीच पेंडंट!! रोबोला शिकवायचा रिमोट हो, वायरवाला. आमचा बिघडला तेव्हा मी घरून फोनवर ओरडत होतो की पेंडंट लाखाच्या घरात जाईल, आजच्या आज ऑर्डर टाका. बायको पोळ्या लाटत होती, लाटणं थांबलं. तिच्या गळ्यात काळी पोत तेवढी. पुढचं सांगत नाही.
आणि त्याच पेंडंटच्या मागे डेडमॅन स्विच असतो. अर्धा दाबून धरला तरच रोबो हलतो, सोडला तरी थांबतो आणि गच्च आवळला तरी थांबतो, कारण घाबरलेला माणूस दोन्हीपैकी एक करतोच. ट्रेनिंगला मास्तर 'डेडमॅन, डेडमॅन' करत होते, मी आपला कोण गेलं म्हणून बघतोय.

टांगेवाल्याची नात
काळी पोत 😂😂

मास्तरीणबाई
मी नाशिकरोडला स्पोकन इंग्लिश घेते, संध्याकाळच्या बॅचला निम्मे एमआयडीसीतले. असलीच भाषणं लावते, कारण पोरांना विषय माहीत असतो, फक्त शब्द नवे. अमेरिकन माणूस 'ट्रंक' म्हणाला की एकजात सगळ्यांना माळ्यावरची पत्र्याची ट्रंक दिसते. मी म्हणते बूट, तर पायाकडे बघतात. शेवटी डिकी म्हटलं की गाडी पुढे जाते.
रोबो शब्दाचं मात्र त्यांना फार आवडतं. चेक भाषेत रोबोता म्हणजे वेठबिगारी, कारेल चापेकच्या १९२० च्या नाटकातून जगभर गेला. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरचा कंत्राटी पोरगा म्हणाला, "मग मॅडम आम्ही कोण?" मला उत्तर सुचलं नाही, बॅच पाच मिनिटं आधी सोडली.

अर्धवट
मॅडम फी किती?

मास्तरीणबाई
व्यनि (खासगी मेसेज) करा.

टांगेवाल्याची नात
मी आयटीत आहे, दिवसभर डॅशबोर्ड डॅशबोर्ड. खूप उशिरा कळलं की हा शब्द घोडागाडीचा. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून पुढे फळी असायची, ती डॅशबोर्ड. आमचे आजोबा पंचवटीत टांगा चालवायचे, रामकुंडाच्या यात्रेकरूंवर घर चाललं. त्यांना हा शब्द माहीत असायचं कारणच नाही, पावसाळ्यात घरी आले की आजी आधी धोतर बघायची आणि मग त्यांना. विषय सोडून गेले का मी? जाऊदे.

खटपट्या
बॉटलनेक हा शब्द नाशिककरांना शिकवावा लागतो का भो, संध्याकाळी सहाला द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये येऊन उभं राहायचं.

अर्धवट
सहाला कशाला, कधीपण या.

गंगापूररोडची
एचआरमध्ये नवीन होते. बाहेरच्या पाहुण्यांनी भाषणात आमचा टर्नओव्हर फार वाढलाय म्हणून सांगितलं आणि आमच्या मॅनेजरनी पहिली टाळी वाजवली, मग सगळा हॉल. पाहुणे मात्र लोक नोकरी सोडून जातात त्याबद्दल बोलत होते. कुकर झाला, येते.

नवीन पाखरू
इंटरव्ह्यूत विचारलं बॉडी इन व्हाइट म्हणजे काय. मला पांढऱ्या चादरीखालचंच काहीतरी डोळ्यासमोर आलं, तसंच बोल्लो पण. गाडीचा वेल्डिंग झालेला, रंग न लागलेला सांगाडा असतो म्हणे. घेतलं मला, का ते माहीत नाही.

सिन्नरकर
@नवीन पाखरू, माणसं कमी असतील 😄
बाकी रोबो नोकऱ्या खातो म्हणून नुसतं रडू पण नका. कारखान्यात लागलेला पहिला रोबो १९६१ चा, न्यू जर्सीत जनरल मोटर्सकडे, काम काय तर डायकास्टिंगचे (वितळलेला धातू साच्यात घालून केलेले) तापलेले तुकडे उचलून ठेवायचे. माझ्या मामाने ते काम बारा वर्षं हाताने केलं, त्याला गरम चहाचा ग्लास नुसत्या बोटांनी धरता यायचा, चटकाच कळायचा नाही. लहानपणी आम्हाला वाटायचं काय भारी.

मास्तरीणबाई
दादा, दंडाचं पुढे काय झालं ते राहिलंच की.

धागाकर्ता
अर्थ कोणी सांगितलाच नाही. चारेक महिन्यांनी कळला. वेल्डिंगला अकरा जण होतो, तिघं उरलो. प्रश्न विचारणारा म्हणून साहेबांच्या मी लक्षात होतो म्हणे, पेंडंट माझ्याच हातात दिला. बाहेर पडलेल्यातल्या एकाची पाथर्डी फाट्याकडे भेळेची गाडी आहे, माझ्याकडून पैसे घेत नाही. मग मी जातोच कमी.

टांगेवाल्याची नात
🙏

अर्धवट
काका मटार सोलले का शेवटी?

धागाकर्ता
सोलले. मुलीने निम्मे कच्चेच खाल्ले.

सिन्नरकर
पाथर्डी फाट्याकडे नक्की कुठे ती गाडी? रविवारी तिकडेच आहे, जोडीने येतो, पैसे देऊन खाऊ.