जुन्या टीव्हीला ब्लूटूथ ट्रान्समीटर जोडण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार. आमच्या जुन्या एलसीडी टीव्हीत ब्लूटूथ नाही. आवाज बाहेर काढण्यासाठी मागे ३.५ मिमीचा हेडफोन जॅक आणि एक ऑप्टिकल आउटपुट एवढेच आहे. वडिलांना कमी ऐकू येत असल्यामुळे त्या जॅकला एक साधा ट्रान्समीटर लावून त्यांना ब्लूटूथ हेडफोन दिले आहेत, पण पिन खोचताच टीव्हीचे स्पीकर बंद होतात आणि आईला काहीच ऐकू येत नाही. शिवाय बातम्या देणाऱ्या निवेदिकेचे ओठ मिटल्यावर शब्द कानी पडतात. वडिलांना ओठांच्या हालचालींचा मोठा आधार असल्याने हा उशीर त्यांना फार जाचतो.

एसबीसी या नेहमीच्या ब्लूटूथ कोडेकमध्ये (आवाज दाबून पाठवण्याच्या पद्धतीत) हा उशीर २०० मिलिसेकंदांच्या आसपास जाऊ शकतो आणि अ‍ॅप्टएक्स लो लेटन्सी या कमी उशिराच्या कोडेकमध्ये तो सुमारे ४० मिलिसेकंदांपर्यंत खाली येतो, मात्र त्यासाठी ट्रान्समीटर व हेडफोन या दोन्हींत ती सोय असावी लागते. आमच्या हेडफोनमध्ये ती नाही.

ऑप्टिकलमधून आवाज घेतल्यास टीव्हीचे स्पीकरही चालू राहतील का, आणि त्यासाठी डिजिटल आवाज डॉल्बीऐवजी पीसीएमवर (न दाबलेल्या, साध्या डिजिटल स्वरूपावर) ठेवणे पुरेसे होईल का? हेडफोन बदलल्यावाचून उशीर कमी करण्याचा काही मार्ग आहे का? ज्यांनी घरी अशी जोडणी प्रत्यक्ष वापरली आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.