चुन्याच्या जुन्या, उंचसखल भिंती रंगवण्याआधी कशा तयार कराव्यात?

रत्नागिरीजवळचे आमचे जुने घर चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे) असून आतून चुन्याचा गिलावा आहे. ओटी आणि माजघराच्या भिंती पावसाळ्यानंतर, पुरत्या वाळल्यावर रंगवायच्या आहेत. सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी टेकवली की काही ठिकाणी मागे १० ते १२ मिलिमीटर फट राहते आणि खिडकीतून तिरपा उजेड आला की फुगवटे, करणीचे वळ आणि मागे कधीतरी मारलेली सिमेंटची ठिगळे ठळक दिसतात.

रंगारी सगळीकडे व्हाइट सिमेंट पुट्टीचे दोन-तीन हात देऊन घासून घेऊ म्हणतो. मला ते पटत नाही. पुट्टीचे दोन हात मिळून जाडी जेमतेम १.५ मिलिमीटरपर्यंतच ठेवतात. तिने खरखर जाईल, पण एवढा खोलगटपणा भरायला गेल्यास ती तडकेल किंवा सुटून येईल. त्याहून मोठी चिंता ओलीची आहे. चिरा पाणी ओढतो आणि ती ओल चुन्यातून हळूहळू वाळून जाते. वर सिमेंट आणि प्लास्टिक पेंट चढवला तर ती आतच कोंडेल. ठिगळांच्या कडेला आताच चुना इतका भुसभुशीत झाला आहे की नख लावले तरी पीठ गळते.

म्हणून भिंत ठोकून जिथे पोकळ आवाज येतो तिथला गिलावा आणि ही ठिगळे चिऱ्यापर्यंत काढावीत, धूळ झाडून चिरा भिजवावा आणि चुना-वाळूचा माल एकदम न थापता थराथराने भरावा, असा माझा विचार आहे. घट्ट भागावरचे सफेदीचे जुने पापुद्रे तर खरवडावेच लागतील.

चुन्याचे काम प्रत्यक्ष केलेल्या जाणकारांनी कृपया सांगावे: घट्ट पण खोलगट भागावर नवा थर धरावा म्हणून जुना गिलावा टोचून खडबडीत करणे पुरेसे होते का? पिशवीत मिळणारा हायड्रेटेड चुना चालेल, की कळीचा चुना (भाजलेल्या चुन्याचे खडे) पाण्यात विरवून मुरवलेलाच घ्यावा? वरून निरूचा (बारीक चुन्याच्या गुळगुळीत शेवटच्या थराचा) हात सगळ्या भिंतीला द्यावा, की भरलेल्या जागांपुरताच, आणि तसे केल्यास रंगाखाली जोड दिसतील का? भिंत अगदी आरशासारखी सपाट व्हावी असा आग्रह नाही; गिलावा टिकला पाहिजे. रत्नागिरी, संगमेश्वर भागात असे काम करणारे गवंडी अजून असतील, तर त्यांचा शोध कसा घ्यावा, हेही कळवावे.